खंबाटकीचा घाट आणि इंजिनाचं डोकं

साताऱ्याहून कोरेगावकडे निघालं की जरंडेश्वराचा डोंगर बराच वेळ सोबत करतो. त्याच टापूत पाडळी आहे आणि पाडळीला खेटून सातारा रोड. नावात रोड असला तरी हा रस्ता नव्हे, गाव आहे, कोरेगाव तालुक्यातलं. १९२२ साली धनजीशा कूपर यांनी इथे कारखाना काढला. सुरुवात शेतकऱ्यांच्या लोखंडी नांगरांनी झाली आणि दहा-बारा वर्षांत इथूनच डिझेल इंजिन बाहेर पडलं. भारतात बनलेलं पहिलं डिझेल इंजिन ते हेच, असा कूपर मंडळींचा दावा आहे. (हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत.) १९४० मध्ये कारखाना वालचंद समूहाकडे गेला, ओतकाम मात्र गावातच राहिलं. कूपर हे नाव साताऱ्यात इंजिनांच्या सुट्या भागांवर आजही दिसतं.

आणखी दक्षिणेला, सांगली जिल्ह्यात, १९१० मध्ये वसलेली किर्लोस्करवाडी. तिथून नांगर आणि पंप निघाले, आणि १९२० पासून एक मराठी मासिकही निघालं. लोखंड आणि साहित्य एकाच आवारात वाढल्याचं असं उदाहरण दुसरीकडे सापडणं अवघड. त्याच्याही पुढे कोल्हापूर, जिथल्या भट्ट्यांमध्ये देशभरच्या मोटारींचे सिलिंडर हेड आणि ब्लॉक ओतले जातात. थोडक्यात, साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंतच्या या पट्ट्यात इंजिनाचं ‘हेड’, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

तरीही लेथवाल्याच्या दारात एक संवाद नेहमी ऐकू येतो. पंचविशीतला पोरगा जुनी एस्टीम नाहीतर जिप्सी घेऊन आलेला असतो. ‘मिस्त्री, हेड घासून द्या, कॉम्प्रेशन वाढवायचंय.’ किती वाढवायचं? तर मित्राच्या गाडीचं साडेअकरा आहे म्हणून आपलंही साडेअकरा. गाडी सोमवार ते शनिवार कामाला जाणार, रविवारी कधीतरी शर्यतीच्या धावपट्टीवर उतरणार. जाणता मिस्त्री अशा वेळी कामाला हात लावत नाही. तो आधी विचारतो, ‘पुण्याला जाणं-येणं असतं का?’

प्रश्न वरवर असंबद्ध वाटतो. तो अजिबात तसा नाही, पण तिथपर्यंत पोचायला थोडं मागून यावं लागेल.

पिस्टन सर्वांत खाली असताना त्याच्या डोक्यावर जेवढी जागा असते, तिला पिस्टन सर्वांत वर आल्यावर उरलेल्या जागेनं भागायचं. येतो तो आकडा म्हणजे कॉम्प्रेशन रेशो. घरोघरी असलेली स्प्लेंडर घ्या. बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४९.५ मिमी, म्हणजे पिस्टन एका फेरीत ९७.२ सीसी जागा झाडतो. रेशो ९ असेल तर वर उरलेली पोकळी १२.१५ सीसी भरते, आणि ९.९ असेल तर १०.९ सीसी. जुन्या आणि नव्या स्प्लेंडरमधला फरक साधारण एवढाच, सव्वा सीसीचा. चहाच्या चमच्याचा चौथा हिस्सा! याच हेडवरून अर्धा मिलिमीटर घासला तर पोकळी जवळजवळ एक सीसीनं घटते आणि ९.९ चे पावणेअकरा होतात. लेथवर अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नव्हे. म्हणूनच हे काम सोपं वाटतं आणि म्हणूनच ते इतक्या सहज बिघडतं.

जास्त दाबल्यानं फायदा काय? हवा आणि पेट्रोलाचं मिश्रण जितकं लहान जागेत कोंडून पेटवावं तितकं ते पिस्टनला खाली ढकलताना जास्त फैलावतं, आणि त्याच इंधनातून जास्त काम निघतं. निकोलाउस ऑटो यांचं १८७६ चं फोर-स्ट्रोक इंजिन जेमतेम अडीच पट दाबायचं. पुस्तकी गणितात ८ रेशोची कार्यक्षमता ५६.५ टक्के येते, ९ ची ५८.५, १० ची ६०.२, १२ ची ६३, १३ ची ६४.२. खऱ्या इंजिनात यातलं पुष्कळसं उष्णतेत आणि घर्षणात जातं, पण चढाचा आकार तोच राहतो. आठाचे नऊ केले तर साडेतीन टक्के लाभ, बाराचे तेरा केले तर दोन टक्केसुद्धा नाही. शंभर घोड्यांच्या इंजिनात एक आकडा वाढवून मिळतात ते दोन-तीन घोडे. एवढ्यासाठी पिस्टनला भोक पाडून घेणारे महाभाग कमी नाहीत.

भोक पडतं ते खटखटीमुळे. स्पार्क प्लगनं पेटवलेली आग पोकळीत एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकत जाते. तिच्या पुढ्यात अजून न जळलेलं मिश्रण असतं. मागून दाब वाढत जातो, कडेचं ते मिश्रण तापत जातं आणि आग पोचायच्या आत स्वतःहून एकदम भडकतं. बाहेर ऐकू येतो तो पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज. आत पिस्टनच्या कडा झिजतात, रिंगांच्या मधल्या पाळी तुटतात, गॅस्केट फाटतं.

याचा छडा ज्यांनी लावला त्यांत इंग्लंडचे हॅरी रिकार्डो पुढे होते. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या सुमारास, त्यांनी चालू असताना कॉम्प्रेशन बदलता येईल असं एक सिलिंडरचं प्रयोगाचं इंजिन बांधलं आणि वेगवेगळी इंधनं त्यात घालून कुठलं किती दाब सोसतं ते मोजलं. त्याच काळात त्यांनी साइड व्हॉल्व्ह इंजिनांसाठी नवं हेड काढलं. त्यात पोकळी व्हॉल्व्हच्या बाजूला गोळा केली होती आणि उरलेलं हेड पिस्टनच्या अगदी जवळ आणलं होतं. पिस्टन वर आला की तिथली हवा चिमटीत सापडल्यासारखी पोकळीत फेकली जायची, मिश्रण घुसळलं जायचं, आग भरभर पसरायची. तेच सिलिंडर, तेच पेट्रोल, पण खटखट न होता जास्त कॉम्प्रेशन सोसायला लागलं. आकडा किती ठेवता येईल हे हेडचा आकार ठरवतो, हे शंभर वर्षांपूर्वी असं सिद्ध झालं. योगायोग पाहा, एकविसाव्या शतकात साताऱ्याच्या कूपर कंपनीनं आपली नवी जनरेटर इंजिनं आखून घेतली ती याच रिकार्डोंच्या नावानं चालणाऱ्या संस्थेच्या मदतीनं.

हा चिमटा, ज्याला शर्यतवाले ‘स्क्विश’ म्हणतात, आपल्याकडच्या मिस्त्रीला वेगळ्या वाटेनं माहीत आहे. विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचं काम काढलं की पिस्टनवर शिशाच्या तारेचे तुकडे ठेवायचे, हेड आवळायचं, हातानं एक फेरी द्यायची आणि हेड उघडून चपटी झालेली तार मोजायची. हेड आणि पिस्टन यांतलं अंतर तेवढं. डिझेलला ते फार जपावं लागतं. किर्लोस्करचं टीव्ही-१ हे एक सिलिंडरचं इंजिन ८७.५ मिमी बोअर आणि ११० मिमी स्ट्रोकचं, ६६१ सीसीचं. रेशो १७.५. म्हणजे पोकळी अवघी ४० सीसी. डिझेलमध्ये प्लग नसतो, नुसत्या दाबानं हवा पाचशे अंशांच्या पुढे तापते आणि त्यात फवारलेलं तेल आपोआप पेटतं. गॅस्केट जाड पडलं की दाब कमी, आणि थंडीच्या पहाटे हँडल मारून मारून माणूस घामाघूम. पेट्रोल इंजिनात जो अपघात, तोच डिझेलचा रोजचा व्यवहार. एवढ्यासाठीच एकाला साडेसतरा चालतात आणि दुसऱ्याला साडेअकरा जड जातात.

जुन्या लिस्टर इंजिनात तर आणखी गंमत होती. हेडच्या बाजूला एक हातचाक असायचं. ते फिरवून आत घेतलं की जादाची एक छोटी पोकळी बंद व्हायची, कॉम्प्रेशन वाढायचं आणि इंजिन लवकर सुरू व्हायचं. पुरता भार आला की चाक उलटं फिरवायचं, पोकळी उघडायची, दाब उतरायचा. सुरू करताना एक आकडा आणि कामाला दुसरा. रस्ता आणि शर्यत अशा दोन्ही घरचं पाणी प्यायला निघालेल्या इंजिनाला नेमकं हेच हवं असतं, पण एस्टीमच्या हेडला तसलं चाक नाही.

आता शिशाची तीच तार पेट्रोल इंजिनात वापरा. स्क्विशच्या सपाट भागात अंतर साधारण ०.८ ते १ मिमी राहिलं तर चिमटा नीट काम करतो. इथे पुष्कळ जण फसतात. गाडी खटखट करते म्हणून कॉम्प्रेशन उतरवायला दोन गॅस्केट एकावर एक घालतात. रेशो उतरतो खरा, पण अंतर दोन मिलिमीटरवर जातं, घुसळण थांबते, कडेला मिश्रण निवांत तापत बसतं आणि खटखट आधीपेक्षा वाढते. मालक बुचकळ्यात पडतो. कॉम्प्रेशन उतरवायचंच असेल तर पिस्टनच्या माथ्यावर खोलगट वाटी करून उतरवावं. चिमट्याला हात लावू नये.

हेड निवडायचं म्हणजे पहिल्यांदा ही पोकळी पाहायची. अर्धगोल पोकळीला अमेरिकेत ‘हेमी’ म्हणतात, तिचा दबदबा मोठा. १९६४ साली क्रायस्लरचं ४२६ घन इंचांचं हेमी डेटोनाच्या शर्यतीत उतरलं आणि पहिले तिन्ही नंबर घेऊन गेलं, विजेता रिचर्ड पेटी. अर्धगोलात व्हॉल्व्ह मोठे बसतात, हवा मोकळी वाहते. अडचण अशी की या पोकळीचं आकारमानच मोठं. रेशो वाढवायचा तर पिस्टनला उंच घुमट द्यावा लागतो, आणि तो घुमट आगीच्या वाटेत डोंगरासारखा उभा राहतो. आग वळसा घालून जाते तोवर कडेचं मिश्रण भडकतं. सिलिंडरमागे चार व्हॉल्व्हचं, घराच्या पाख्यांसारखं उतरतं छप्पर असलेलं हेड यावर सरस ठरलं. प्लग बरोबर मध्ये, आगीला सगळीकडे सारखं अंतर, पिस्टन जवळपास सपाट. आजच्या बहुतेक मोटारींत हेच असतं.

मारुती एस्टीम हे आपल्या रस्त्यावरचं याचं चांगलं उदाहरण. १९९४ ला आली तेव्हा १२९८ सीसीचं आठ व्हॉल्व्हचं कार्ब्युरेटरवालं इंजिन ६५ घोड्यांचं होतं. १९९९ मध्ये त्याच १२९८ सीसीवर सोळा व्हॉल्व्हचं हेड आणि इंजेक्शन आलं आणि घोडे झाले ८५. वीस घोडे, एक सीसी न वाढवता. यात इंजेक्शनचाही वाटा आहे, नाही असं नाही. पण आठ व्हॉल्व्हच्या इंजिनात नुसतं कॉम्प्रेशन रेटून वीस घोडे काढायचे म्हटले तर आकडा विसाच्या पलीकडे न्यावा लागेल आणि पहिल्याच दिवशी इंजिन विखुरलेलं दिसेल. जुन्या गाड्यांचे शौकीन वर्षानुवर्षं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन शोधत भंगार बाजार पालथे घालतात ते उगाच नव्हे.

मग हवेच्या वाटा, म्हणजे पोर्ट. ‘पोर्ट मोठे करून पॉलिश मारून द्या,’ ही दुसरी आवडती मागणी. मिनिटाला सहा-सात हजार फेऱ्यांवर मोठा पोर्ट उपकारक असतो, कारण तेव्हा हवा पुष्कळ लागते. दोन-अडीच हजारांवर मात्र त्याच रुंद वाटेत हवा रेंगाळते. मोठ्या पाटात थोडं पाणी सोडलं की शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचेना, तसा प्रकार. पेट्रोल नीट मिसळत नाही, सिलिंडर भरत नाही, गावात गाडी गचके खाते. रोजच्या वापराच्या हेडमध्ये पोर्टची रुंदी बहुतेक ठिकाणी आहे तशीच ठेवावी. काम करायचं ते व्हॉल्व्हच्या सीटखालच्या वळणावर आणि सीटच्या कोनांवर. ओतकामात राहिलेली कडा काढली, सीटवर तीन कोन नीट कापले, गॅस्केटचं भोक आणि मॅनिफोल्डचं तोंड एकमेकांशी जुळवलं, तर निम्म्या खर्चात बहुतांश फायदा पदरात पडतो. आरशासारखं पॉलिश हे पाहुण्यांना दाखवायला.

धातूचाही प्रश्न असतो. ॲल्युमिनियम बिडापेक्षा सुमारे तिप्पट वेगानं उष्णता वाहून नेतं, त्यामुळे पोकळीच्या भिंती थंड राहतात. अमेरिकेतले इंजिन बांधणारे ढोबळ हिशेब धरतात की ॲल्युमिनियम हेडला एक आकडा जास्त चालतो. बुलेटचा प्रवास काहीसा या अंगानंही वाचता येतो. बिडाच्या सिलिंडरची जुनी बुलेट कमी कॉम्प्रेशनवर संथ धपधपायची. २००० नंतरच्या दशकातल्या यूसीई इंजिनात रेशो ८.५ झाला आणि आताच्या जे मालिकेच्या ३५० इंजिनात ९.५.

आरएक्स १०० ची गोष्ट वेगळी काढावी लागेल. सातारा-सांगलीकडे या ९८ सीसीच्या, ११ घोड्यांच्या गाडीवर लोकांचा जीव आहे. तिचं उत्पादन थांबून तीन दशकं होत आली. टू-स्ट्रोकच्या हेडमध्ये व्हॉल्व्हच नसतात, ते नुसतं झाकण. सगळा खेळ पोकळीचा आकार, कडेची चिमट्याची पट्टी आणि सिलिंडरमधल्या पोर्टची उंची यांचा. खरं दाबणं सुरू होतं एक्झॉस्ट पोर्ट बंद झाल्यावर, म्हणून तिथून मोजलेला रेशो खूप लहान दिसतो. फोर-स्ट्रोकचा आकडा डोक्यात ठेवून आरएक्सचं हेड घासणाऱ्यांनी कितीतरी चांगले पिस्टन वितळवले आहेत.

फोर-स्ट्रोकमध्येही कागदावरचा आकडा पूर्ण खरा नसतोच. पिस्टन तळाला जाऊन वर यायला लागला तरी आत घेणारा व्हॉल्व्ह काही काळ उघडाच असतो. तो मिटेपर्यंत दाबणं सुरूच होत नाही. एस्टीम-जिप्सीच्या इंजिनाचा स्ट्रोक ७५.५ मिमी. कनेक्टिंग रॉड १२० मिमीचा धरू. व्हॉल्व्हची उघडमीट कॅम ठरवतो. साध्या कॅमवर व्हॉल्व्ह तळानंतर ५० अंशांवर मिटला तर स्ट्रोकचा ८७ टक्के भाग दाबायला उरतो. रेशो १० असेल तर प्रत्यक्ष दाबणं ८.८ पट. शर्यतीचा तिखट कॅम घातला आणि व्हॉल्व्ह ७० अंशांवर मिटायला लागला तर ७४ टक्केच भाग उरतो आणि दाबणं ७.७ वर घसरतं. इंजिन खाली मेल्यासारखं होतं. ते पुन्हा ८.८ वर आणायचं तर कागदावर साडेअकरा करावे लागतात.

मित्राच्या साडेअकराचं रहस्य बहुधा इथेच असतं. त्याच्याकडे कॅम वेगळा आहे. तोच आकडा कंपनीच्या कॅमवर आणला तर प्रत्यक्ष दाबणं दहाच्या पलीकडे जातं आणि पहिल्याच चढाला खुळखुळाट सुरू होतो. टोयोटानं हीच युक्ती उलट्या हेतूनं वापरली. प्रियसच्या दीड लिटर इंजिनात व्हॉल्व्ह मुद्दाम उशिरा मिटतो, कागदी रेशो १३, आणि तरी साध्या पेट्रोलवर गाडी बिनतक्रार चालते. माझ्दानं २०११ च्या सुमारास १४ रेशोचं पेट्रोल इंजिन बाजारात आणलं. त्यासाठी पिस्टनच्या मध्यभागी वाटी केली आणि एक्झॉस्टचे पाइप लांब करून सिलिंडरमध्ये मागे राहणारा तापलेला धूर कमी केला. नुसतं हेड घासून चौदा गाठता येत नाहीत.

पेट्रोलचं काय? ऑक्टेनचा आकडा म्हणजे खटखट सोसण्याची ताकद. १९२६ मध्ये ग्रॅहम एडगर यांनी आयसो-ऑक्टेन शंभर आणि हेप्टेन शून्य धरून ही पट्टी ठरवून दिली. आपल्याकडे बरीच वर्षं साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं मिळत होतं. २० टक्के इथेनॉल मिसळायला लागल्यावर ते ९५ वर गेलं, असं सरकार सांगतं. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या आसपास आणि वाफ होताना ते आजूबाजूची बरीच उष्णता शोषतं. कोरेगाव तालुक्यातल्या उसाच्या फडांचा शर्यतीच्या इंजिनाशी संबंध येतो तो असा. पण इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलच्या दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा असते आणि त्याला हवा कमी लागते. जुन्या कार्ब्युरेटरची जेट तीच ठेवली तर मिश्रण पातळ पडतं, जास्त तापतं, आणि ऑक्टेननं दिलेलं दान पातळपणा काढून घेतो. कॉम्प्रेशन वाढवायच्या आधी मेन जेट एक-दोन नंबरांनी मोठी करून पाहणं कितीतरी स्वस्त. मोठ्या शहरांत शंभर ऑक्टेनचं पेट्रोलही मिळतं, पण तालुक्याच्या पंपावर मिळेल त्या पेट्रोलवर जी गाडी चालेल तीच रोजची.

आता मिस्त्रीच्या त्या प्रश्नाकडे.

ड्रॅगची शर्यत पाव मैलाची, ४०२ मीटरची. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ नावानं ती भरत आली आहे. सुधारलेली जुनी मोटार हे अंतर पंधरा-सोळा सेकंदांत कापते. सगळा वेळ इंजिन साडेचार ते साडेसहा हजार फेऱ्यांमध्ये. साडेसहा हजारांवर एक फेरी नऊ मिलिसेकंदांत उरकते. कडेच्या मिश्रणाला भडकायला सवडच मिळत नाही. पंधरा सेकंदांत शर्यत संपते, इंजिन थंड होईपर्यंत बॉनेट उघडं ठेवता येतं. धावपट्टीवर इंजिन बरंच काही सोसतं ते यामुळे.

खंबाटकी तशी सवड देत नाही. पुण्याकडून साताऱ्याला येताना वर्षानुवर्षं घाट चढूनच यावं लागलं आहे. बोगदा होता तो साताऱ्याहून जाणाऱ्यांसाठी. मे महिना, दुपारचे दोन, गाडीत पाच माणसं, पुढे उसाची अवजारं नेणारा ट्रक. चौथा गिअर, दोन हजार फेऱ्या, पाय पूर्ण दाबलेला. इथे एका फेरीला तीस मिलिसेकंद लागतात, धावपट्टीच्या तिपटीहून जास्त. सिलिंडर पुरता भरलेला, पाणी उकळीच्या जवळ, बॉनेटखालून येणारी हवा भट्टीची. खटखटीला याहून अनुकूल मुहूर्त नाही. हा टापू समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर असल्यानं हवा थोडी विरळ आहे, तेवढाच दिलासा. अशा इंजिनाचं कॉम्प्रेशन म्हणून घाट ठरवतो, धावपट्टी नव्हे.

हिशेबाचा क्रम यातून आपसूक उलटतो. गाडी घाटात कुठल्या गिअरला, किती फेऱ्यांवर चढते ते आधी पाहायचं. मग त्या फेऱ्यांना मानवेल असं हेड आणि पोर्ट, मग कॅम, आणि उरलेल्या जागेत बसेल तेवढा रेशो. कंपनीचा कॅम ठेवलेल्या आठ व्हॉल्व्हच्या जुन्या इंजिनाला नऊ ते साडेनऊ पुरतात. चार व्हॉल्व्हच्या हेडला, चिमटा नीट बसवला असेल आणि ठिणगीचं टायमिंग सावध ठेवलं असेल, तर दहा-साडेदहा पेलतात. बारा-तेरा हे ट्रेलरवरून नेऊन ट्रेलरवरून आणायच्या गाड्यांसाठी. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि गाडीत कंपनीच्या मूळ रचनेपलीकडचे फेरफार ५२ व्या कलमात अडकतात. इंजिन बदलायच्या आधी आरटीओची पायरी चढावी लागते, ती टाळून चालत नाही.

मोजमापाला मात्र पर्याय नाही. हेड उलटं ठेवायचं, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवायचे, कडेला ग्रीस लावून भोक पाडलेली ॲक्रिलिकची चकती चिकटवायची आणि मेडिकलच्या दुकानातल्या सिरिंजनं रॉकेल सोडायचं. चारही पोकळ्यांत किती मावलं ते लिहून ठेवायचं. एस्टीमच्या एका सिलिंडरचे ३२४.७ सीसी, रेशो ९ म्हणजे एकूण पोकळी ४०.६ सीसी, साडेदहा म्हणजे ३४.२. सहा सीसीहून जास्त कमी करायचे. अर्धा मिलिमीटर पातळ गॅस्केट त्यातले दोन सीसी देतं. बाकीचे सगळे हेड घासून काढायचे म्हटलं तर हेड दीड मिलिमीटरच्या आसपास खाली येतं, टायमिंग बेल्टचं गणित हलतं, कॅम उशिरा चालायला लागतो आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या अंगावर येतो. म्हणून थोडं गॅस्केटमधून, थोडं हेडमधून आणि उरलेलं पिस्टन बदलून. पिस्टनच्या माथ्यावर मळलेल्या मातीची पोळी ठेवून दोन फेऱ्या फिरवायच्या आणि व्हॉल्व्हचा ठसा उमटला तिथे माती सुरीनं कापून जाडी पाहायची. एक्झॉस्टच्या बाजूला दोन मिलिमीटर राहिले की मिस्त्री मान डोलावतो.

गाडी जुळली की पहिली परीक्षा संध्याकाळी रिकाम्या रस्त्यावर होत नाही. पाच माणसं बसवून, ऊन असताना, घाट एकदा चढायचा आणि माथ्यावर इंजिन बंद करून प्लग काढायचा. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर, भिंग धरल्याशिवाय न दिसणारे, मिरीच्या भुकटीसारखे काळे नाहीतर चंदेरी कण असतील तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. मग ठिणगीचं टायमिंग दोन अंश मागे, पुन्हा खाली जाऊन पुन्हा चढ. तिसऱ्या फेरीलाही कण दिसले तर गाडी परत मिस्त्रीकडे, आणि हेड पुन्हा टेबलावर.